मिशिगन सरोवरावर मासेमारी, बोटीची सैर आणि शिडाची होडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की मला निरोप यायला लागतात. "आईबाबा जूनमध्ये येतायत, बोटीवर कुठे नेऊ?", "सासऱ्यांना गळ टाकायचाय, परवाना लागतो का?" मी मूळचा देवगडचा. बरीच वर्षं शिकागोजवळ राहतो आणि सुट्टीचा जमेल तो दिवस मिशिगन सरोवरावर घालवतो. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. परवान्याचं शुल्क आणि माशांच्या मर्यादा बदलत असतात. निघण्याआधी त्या त्या राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

१. सरोवर म्हणजे तळंच ना? रंकाळ्यासारखी एक चक्कर मारून होईल का?

नाही होणार. मिशिगन सरोवर ४९४ किलोमीटर लांब आणि सर्वांत रुंद भागात १९० किलोमीटर आहे. क्षेत्रफळ साधारण ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या कोकण विभागाच्या जवळजवळ दुप्पट. सर्वांत खोल जागी २८१ मीटर पाणी आहे. पलीकडचा किनारा दिसत नाही, लाटा येऊन फुटतात, वाळूचे किनारे आहेत, दीपगृहं आहेत. भरती-ओहोटी मात्र जेमतेम पाच सेंटिमीटरची, म्हणजे नसल्यातच जमा.

बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना थेट किनाऱ्यावर नेलं होतं. त्यांनी चपला काढल्या, वाकून बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. "अरे, ह्यां पाणी गोडां!" सांगितलेलं त्यांना ठाऊक होतं, तरी पुन्हा एकदा बोट बुडवून चाखलंच. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला इथे सगळं ओळखीचं वाटतं आणि तिथेच चूक होते. हे पाणी आपल्या समुद्रापेक्षा फार थंड आहे (प्रश्न १३) आणि लाटेची चालही वेगळी आहे (प्रश्न ५).

२. कोणत्या महिन्यात यावं?

बोटीची सैर आणि शिडाची होडी यांसाठी जूनअखेर ते सप्टेंबरचा मध्य. जुलै-ऑगस्टमध्ये शिकागोजवळ पृष्ठभागाचं पाणी २० ते २२ अंशांपर्यंत जातं. मे महिन्यात तेच ८ ते १० अंश असतं. जूनची सुरुवात फसवी असते: जमिनीवर तीस अंश ऊन, माणसं अर्ध्या बाह्यांत, आणि पाण्यावर शिरलं की हुडहुडी.

मासेमारीचं गणित उलटं आहे. दक्षिण टोकाला, म्हणजे शिकागो आणि इंडियानाच्या बाजूला, कोहो सामन एप्रिल-मेमध्येच किनाऱ्याजवळ येतो. त्यासाठी यायचं तर लोकरीची टोपी आणि हातमोजे घालूनच.

३. शिकागोत एकच दिवस आहे. कोणती बोट घेऊ?

आधी ठरवा, नदी हवी की सरोवर. शिकागोची प्रसिद्ध 'आर्किटेक्चर क्रूझ' नदीतून जाते; दोन्ही बाजूंना उंच इमारती, सोबत माहिती सांगणारा वाटाड्या, साधारण ७५ ते ९० मिनिटं. पाणी संथ असतं, त्यामुळे वयस्कर मंडळींसाठी हीच उत्तम. सरोवराच्या बोटी मुख्यतः नेव्ही पिअरवरून सुटतात. हा जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा धक्का १९१६ साली खुला झाला. सरोवरातून दिसणारी शहराची रांग, विशेषतः सूर्य इमारतींमागे जाताना, नदीतून कधीच दिसत नाही.

माझं मत विचाराल, तर नदी आणि सरोवर दोन्ही असलेली फेरी घ्या, कारण मध्ये 'लॉक' लागतो. नदी आणि सरोवर यांच्या पातळीत थोडा फरक असतो. बोट एका लांबलचक हौदात शिरते, मागचे दरवाजे मिटतात, पाणी हळूहळू चढतं किंवा उतरतं आणि मग पुढचे दरवाजे उघडतात. हा लॉक १९३८ पासूनचा. शिकागो नदी पूर्वी सरोवरात मिळायची. शहराचं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून १९०० साली कालवा खणून तिचा प्रवाहच उलटा फिरवला. ही गोष्ट आईबाबांना बोट आत असतानाच सांगा. बाजूच्या भिंतीवरची ओली रेघ वर सरकताना ती चटकन कळते.

४. सरोवर ओलांडून पलीकडे जाता येतं का? गाडीसकट?

येतं, आणि ज्यांच्याकडे चार दिवस आहेत त्यांनी हे जरूर करावं. दोन फेऱ्या आहेत.

'एस. एस. बॅजर' विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉकहून मिशिगनमधल्या लडिंग्टनला जाते. अंतर ६० मैल, वेळ चार तास. १९५३ पासून चालणारी ही बोट अजूनही कोळशाच्या वाफेवर चालते. हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. गाडी बोटीच्या पोटात, आपण वर डेकवर. मधला बराच वेळ चारही बाजूंना फक्त पाणी असतं. दुसरी 'लेक एक्सप्रेस', मिलवॉकी ते मस्कीगॉन, अडीच तासांत. वेळ कमी असेल तर ही. पण डेकवर खुर्ची टाकून पाणी बघत बसण्याचं सुख बॅजरवर जास्त.

इथे अनेकांची गडबड होते ती घड्याळाची. विस्कॉन्सिन आणि मिशिगन वेगळ्या वेळेत आहेत; पलीकडे पोचलात की घड्याळ एक तास पुढे, परतताना एक तास मागे. तिकिटावरची वेळ त्या त्या बंदराची असते. आमच्या एका स्नेह्यांची परतीची बोट याच एका तासाने चुकली आणि त्यांना सरोवराला खालून वळसा घालत रात्रभर गाडी चालवावी लागली.

५. आईला एसटीसुद्धा लागते. बोट लागेल का?

नदीत नाही. सरोवरात लागू शकते, आणि मालवण ते सिंधुदुर्ग किल्ला आरामात गेलेल्या माणसालाही लागू शकते. समुद्राची लाट लांब असते, बोट चढते आणि उतरते. इथल्या लाटा आखूड आणि उभ्या. तीन ते पाच सेकंदांनी पुढची येऊन आदळते. दोन फुटांपर्यंतच्या लाटा बहुतेकांना सोसतात. चार फुटांचा अंदाज असेल तर आईला घेऊन निघू नका.

गोळी घ्यायची तर निघण्याआधी तासभर, आणि रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. उपाशीपोटी नेऊ नका. आलेपाक जवळ ठेवा. बसायला बोटीचा मधला भाग, नजर क्षितिजावर, मोबाईल पिशवीत.

६. मासेमारीला परवाना लागतो का? बाबा फक्त एक दिवस गळ टाकणार आहेत.

लागतो. एक तास टाका नाहीतर एक दिवस, आणि मासा मिळो न मिळो. सरोवराला चार राज्यं लागतात आणि प्रत्येकाचा परवाना वेगळा. वयाची अटही सारखी नाही: इलिनॉय आणि विस्कॉन्सिनमध्ये १६ वर्षांखालच्यांना परवाना लागत नाही, मिशिगनमध्ये १७ खालच्यांना, इंडियानात १८ खालच्यांना. बारा वर्षांच्या नातवाला कुठेच लागत नाही. त्याच्या आजोबांना सगळीकडे लागतो.

पाहुण्यांसाठी 'नॉन-रेसिडेंट' परवाना असतो आणि तो कमी दिवसांचाही मिळतो. सामन किंवा ट्राउट धरायचा असेल, तर इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि इंडियानात नेहमीच्या परवान्यावर वेगळा 'स्टँप' घ्यावा लागतो. मिशिगनमध्ये एकाच परवान्यात सगळे मासे येतात. विस्कॉन्सिनचा दोन दिवसांचा ग्रेट लेक्स परवाना पाहुण्यांना सोयीचा, त्यात स्टँप धरलेला असतो. परवाने ऑनलाइन मिळतात आणि आमिषाच्या दुकानांतही. भारतातून आलेल्या पालकांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसतो आणि ऑनलाइन फॉर्म तिथे अडू शकतो, म्हणून पासपोर्ट घेऊन दुकानात गेलेलं बरं.

जो नुसता बोटीत बसून बघणार आहे त्याला परवाना नको. पण "जरा धर रे" म्हणून दांडी हातात घेतली आणि मासा ओढला की तो मासेमारी करतोय असंच धरलं जातं. जूनमध्ये प्रत्येक राज्यात विनापरवाना मासेमारीचे मोजके दिवस असतात. विस्कॉन्सिनमध्ये जूनचा पहिला पूर्ण शनिवार-रविवार. पालकांच्या तारखा जुळत असतील तर याचा फायदा घ्या. माशांची संख्या आणि लांबी यांचे नियम त्या दिवशीही लागू असतात.

७. चार्टर म्हणजे काय? दिवस कसा जातो?

चार्टर म्हणजे कप्तानासकट भाड्याने घेतलेली मासेमारीची बोट. बहुतेक बोटी जास्तीत जास्त सहा प्रवासी घेतात आणि भाडं पूर्ण बोटीचं असतं, त्यामुळे दोन कुटुंबांनी मिळून घेतली तर परवडते. गळ, दांड्या, आमिष त्यांचं. परवाना तुमचा (प्रश्न ६). कप्तानाकडे कोस्ट गार्डचं लायसन्स असायलाच हवं. विचारायला संकोचू नका, चांगला कप्तान आपणहून दाखवतो.

पहाटे पाचच्या आसपास धक्क्यावर. बोट बाहेर पडली की मदतनीस एकामागून एक आठ-दहा दांड्या लावतो. खोलवर जाणाऱ्या दोरीसाठी बोटीच्या मागच्या कडेला रहाटासारखं एक चाक असतं, 'डाउनरिगर'. त्याच्या तारेला साधारण पाच किलोचा गोळा. गळाची दोरी त्या तारेवरच्या चिमट्यात अडकवून हव्या त्या खोलीवर सोडतात, आणि ताणामुळे दांडी धनुष्यासारखी वाकलेली राहते. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, वाकलेली दांडी क्षणभर ताठ उभी राहते आणि लगेच दुप्पट वाकते. तो एक क्षण ओळखायला शिका, कारण तेव्हाच कप्तान ओरडतो आणि जवळ असेल त्याने दांडी उचलायची असते.

मग घाई नको. मासा पळतो तेव्हा पळू द्यायचं, थांबला की दांडी हळूच वर ओढायची आणि खाली आणताना चकरी फिरवायची. बाबांनी आयुष्यभर हाताने दोरी ओढलेली, त्यांना चकरीचा राग यायचा. तिसऱ्या माशाला जमली. सहा किलोंचा चिनूक, म्हणजे सामनचीच एक जात, होता. मदतनिसाने जाळी खाली घातली तेव्हा बाबांचे हात थरथरत होते आणि ते त्या माशाकडे बघून नमस्कार करत होते.

परत आल्यावर मदतनीस मासे साफ करून, पिशवीत भरून देतो. त्याला भाड्याच्या १५ ते २० टक्के बक्षिसी द्यायची पद्धत आहे. त्याची कमाई बरीचशी यावरच असते, तेव्हा ती खर्चात आधीच धरा.

आणि केळी नेऊ नका. प्रवासात केळी हवीतच अशी आपली सवय, पण बोटीवर केळं अशुभ असं इथले पुष्कळ कप्तान मनापासून मानतात. आपल्याकडेही होडीवर काय न्यावं, काय नेऊ नये याचे संकेत आहेतच. दशम्या न्या, चटणी न्या.

८. बोट नको. धक्क्यावर बसून गळ टाकता येईल का?

येईल. शिकागोत माँट्रोज बंदराच्या आसपास लोक वर्षानुवर्षं बसतात. पोलिश, मेक्सिकन, व्हिएतनामी आजोबा शेजारी शेजारी. इथे पर्च मिळतो, स्मॉलमाउथ बास मिळतो, वसंतात आणि शरदात सामन-ट्राउटही. साधी दांडी, गांडूळ किंवा छोटी मासळी, घडीची खुर्ची, एवढं पुरे. पोहण्याच्या किनाऱ्यांवर आणि पाटी लावलेल्या जागी टाकू नका. एप्रिलमध्ये रात्री जाळ्याने स्मेल्ट धरण्याचीही इथे जुनी परंपरा आहे. मासा आता फार कमी झालाय, तरी कंदील लावून बसणारे दिसतात.

आता एक गंभीर गोष्ट. २६ जून १९५४ च्या सकाळी याच किनाऱ्यावर लोक मासे धरत बसले होते. वादळाची एक रांग थोड्या वेळापूर्वी सरोवर ओलांडून पलीकडे गेली होती, आकाश मोकळं होत होतं. त्या वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने ढकललेलं पाणी पूर्वेच्या किनाऱ्यावर आपटून परत फिरलं आणि शिकागोच्या धक्क्यांवर चढलं. आठ माणसं गेली. याला 'सेश' म्हणतात. न्हाणीघरातली बादली हलवली की पाणी एका कडेवरून दुसरीकडे जाऊन परत येतं, तसंच. म्हणून वादळ होऊन गेलं की लगेच धक्क्यावर परतू नका, निदान दोन-तीन तास जाऊ द्या. लाटा धक्क्यावर येत असतील तर दीपगृहापर्यंत चालत जाण्याचा मोहही टाळा. अशा वेळी धक्क्याच्या कडेने ओढणारा प्रवाह तयार होतो आणि पोहणाऱ्यालाही तो सोडत नाही.

९. इथे सामन कसा? तो तर समुद्रातला मासा ना?

खरं आहे, तो आणलेला आहे. मूळचा मोठा मासा लेक ट्राउट. कालव्यांनी नायगारा धबधब्याचा अडसर टळला आणि समुद्रातला लॅम्प्री आत आला. माशाला चिकटून रक्त शोषणारा, वामसारखा दिसणारा जीव. १९५० च्या दशकापर्यंत मिशिगन सरोवरातला लेक ट्राउट जवळजवळ संपला. मग अलवाइफला खाणारं कोणी उरलं नाही. हा आपल्या तारलीच्या कुळातला छोटा मासा, तोही बाहेरून आलेला. त्याची इतकी बेसुमार वाढ झाली की १९६७ साली मेलेल्या अलवाइफचे थरच्या थर किनाऱ्यांवर लागले. त्यावर उपाय म्हणून पॅसिफिककडचा कोहो १९६६ मध्ये आणि चिनूक १९६७ मध्ये सोडला. तो इथे रुळला आणि त्याच्यावरच आजचा चार्टरचा धंदा उभा आहे.

म्हणून मासा कुठे आणि कधी हे ऋतूवर ठरतं: वसंतात दक्षिणेला कोहो, जुलै-ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या किनाऱ्यासमोर खोल पाण्यात चिनूक, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अंडी घालायला नद्यांच्या तोंडाशी. लेक ट्राउट आता पुन्हा वाढवलाय.

१०. पकडलेला मासा खावा का? आमटी होते का?

होते आणि छान होते, पण किती खायचा याला मर्यादा आहे. जुन्या कारखान्यांतून आलेले पीसीबी (विषारी रसायनं) आणि पारा या माशांत उतरतात. मासा जितका मोठा, म्हातारा आणि चरबीचा, तितके जास्त. प्रत्येक राज्य कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याचा तक्ता काढतं. गरोदर बाई आणि लहान मुलं घरात असतील तर तो तक्ता वाचल्याशिवाय मासा शिजवू नका. पीसीबी चरबीत साठतात, म्हणून कातडी, पोटाकडची पट्टी आणि पाठीवरची काळपट चरबी काढून टाका. पारा मांसातच असतो, तो काढून जात नाही. मोठ्यापेक्षा लहान मासा ठेवा, चवीलाही तोच बरा.

आमच्या घरचा अनुभव: कोहोला तिरफळ आणि ओल्या नारळाचं वाटण चालतं, फक्त तो पटकन शिजतो, आमटीला उकळी आल्यावरच घाला. लेक ट्राउट तेलकट, त्याला भरपूर कोकम. पर्च रव्यात घोळवून तळला की मांदेलीची आठवण येते. आणि विस्कॉन्सिनमधल्या डोर काउंटीला गेलात तर 'फिश बॉइल' बघाच: मोठ्या भांड्यात बटाटे, मीठ आणि व्हाइटफिश उकळत असतात, शेवटी विस्तवावर रॉकेल ओततात, ज्वाळा उसळते, भांडं उतू जातं आणि वर तरंगणारं तेल वाहून जातं. मसाला काहीच नाही, तरी मासा गोड लागतो.

११. मासा मारायचा नाही, पकडून सोडला तर चालेल का?

चालेल. हात ओले करून धरा, शक्य तो पाण्याबाहेर काढूच नका, फोटोसाठी ताटकळवू नका. खोलातून वर ओढलेला मासा मात्र दमलेला असतो आणि उन्हाळ्यात वरचं पाणी त्याला गरम पडतं. सोडला तरी बऱ्याचदा जगत नाही. सोडायचेच असतील तर किनाऱ्याजवळचे बास धरा, चार्टर घेऊ नका.

एक अपवाद: राउंड गोबी. बोटभर लांबीचा, मोठ्या डोळ्यांचा, पोटाखाली एकच जोडलेला पर असलेला मासा गळाला लागला तर तो जिवंत परत सोडायचा नाही. तो उपद्रवी परका मासा आहे. तसंच एका तळ्यातलं आमिष आणि पाणी दुसऱ्या तळ्यात नेऊ नका.

१२. शिडाच्या होडीत बसायचंय. येत काहीच नाही.

नुसतं बसायचं असेल तर नेव्ही पिअरवरून 'विंडी' सुटते, चार डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. शीड चढवताना प्रवाशांनाही दोरी ओढू देतात. मुलांना हे फार आवडतं. उत्तरेला ट्रॅव्हर्स सिटीहून 'मॅनिटू' आहे, तिथला उपसागर आडोशाचा असल्याने पाणी सौम्य.

शिकायचं असेल तर मिलवॉकीचं कम्युनिटी सेलिंग सेंटर चांगलं, ना-नफा तत्त्वावरचं. शिकागोतही दहा बंदरं आहेत आणि काही क्लब बाहेरच्यांना शिकवतात. बाबांच्या पिढीतल्या ज्यांनी शिडाचे मचवे पाहिलेत त्यांना वारा पाठीवर घेणं कळतं. वाऱ्याविरुद्ध नागमोडी कापत जाणं शिकायला दोन-तीन दिवस लागतात. जुलैमध्ये शिकागो ते मॅकिनॅक बेट अशी शिडाच्या होड्यांची शर्यत असते, १८९८ पासूनची, ३३३ मैलांची. ती सुटताना किनाऱ्यावरून बघायला पैसे पडत नाहीत आणि शेकडो शिडं एकदम दिसतात.

१३. मला उत्तम पोहता येतं. लाइफ जॅकेट कशाला?

देवगडच्या खाडीत पोहत वाढलेला मी हेच म्हणत होतो. अमेरिकेतल्या दुसऱ्या वर्षी, मेअखेरीच्या सुट्टीत, मित्राच्या होडीवरून उडी मारली. ऊन लखलखीत होतं. पाण्यात शिरताक्षणी छाती आवळली गेली आणि मी न ठरवताच मोठा श्वास आत ओढला. डोकं पाण्याखाली असतं तर तो श्वास पाण्याचाच असता. ओरडायचं होतं, आवाज निघेना. होडी चार हातांवर होती आणि हात त्या दिशेला जात नव्हते. अंगात जॅकेट होतं म्हणून मित्राने मागच्या पट्ट्याला धरून वर घेतलं.

इथे १-१०-१ असं शिकवतात. थंड पाण्यात पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला. नंतरची दहा मिनिटं हातपाय उपयोगी चालतात. शुद्ध हरपायला साधारण एक तास. पोहण्याचं कौशल्य पहिल्या अकरा मिनिटांनंतर संपतं, जॅकेट त्या तासभर टिकतं. आणि भर जुलैतही वारा फिरला की वरचं गरम पाणी दूर ढकललं जातं, खालचं थंड वर येतं. काल २१ अंश असलेलं पाणी आज १२ असू शकतं.

कायदा सांगायचा तर इलिनॉयमध्ये २६ फुटांपेक्षा लहान चालत्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलांनी जॅकेट घालायचंच असतं, मोठ्यांसाठी ते बोटीत असावं लागतं. माझ्या बोटीवर मात्र सगळ्यांनी घालायचं, आजीनेसुद्धा. साडीवर बसतं, फक्त पदर आत खोचून घ्यायचा.

१४. कयाक किंवा पॅडलबोर्ड भाड्याने घेऊ का? पाणी अगदी शांत दिसतंय.

शांत दिसतंय म्हणूनच आधी वारा बघा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ते इथे कामाला येतं. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल तर काठाजवळचं पाणी आरशासारखं असतं आणि पाचशे मीटर आत लाटा. शिकागोच्या बाजूला पश्चिमेचा वारा असा असतो. जाताना होडी आपोआप सरकते, परतताना दम निघतो. निघताना वाऱ्याविरुद्ध निघा, म्हणजे परतणं सोपं. हवेच्या गाद्या आणि फुगवलेले हंस अशा दिवशी पाण्यात नेऊच नका. पहिल्यांदाच वल्हवणार असाल तर सरोवराऐवजी बंदराच्या आडोशाला शिका.

१५. भाड्याची मोटारबोट स्वतः चालवता येईल का?

वयावर आहे, आणि राज्यागणिक नियम वेगळे. इलिनॉयमध्ये १ जानेवारी १९९८ किंवा नंतर जन्मलेल्यांना दहा अश्वशक्तीपेक्षा मोठ्या इंजिनासाठी बोट सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९८९ किंवा नंतर जन्मलेल्यांना. म्हणजे गंमत अशी की वडिलांना चालते आणि मुलाला नाही. तरीही ज्याने पूर्वी कधी चालवली नाही त्याने सरोवरात पहिली फेरी करू नये. दारू पिऊन बोट चालवणं गाडीइतकाच मोठा गुन्हा आहे.

१६. आईबाबा पर्यटक व्हिसावर आहेत. बोट चुकून कॅनडात गेली तर?

मिशिगन सरोवरात ही काळजीच नाही. पाच ग्रेट लेक्सपैकी पूर्णपणे अमेरिकेत असलेलं हे एकच. मॅकिनॅक बेट ह्युरॉन सरोवरात येतं, तेही अमेरिकेतच. सुपीरिअर, ह्युरॉन, एरी आणि ऑन्टारिओ या चारांतून मात्र सीमा जाते. तिथे चार्टर घेताना कॅनडाच्या पाण्यात जाणार का, हे आधी स्पष्ट विचारा, कारण परवानाही बदलतो. पासपोर्टचा फोटो फोनमध्ये असू द्या, आणि प्रवास विम्यात जलक्रीडा वगळलेली नाही ना ते बघा.

१७. हवामान कुठे बघू? बोट रद्द झाली तर पैसे जातात का?

फोनवरचं सूर्य-ढगाचं चित्र पुरेसं नाही. राष्ट्रीय हवामान सेवेचा 'निअरशोअर' अंदाज वाचा: वाऱ्याची दिशा आणि लाटा फुटांत दिलेल्या असतात. 'स्मॉल क्राफ्ट अ‍ॅडव्हायझरी' असेल तर छोट्या बोटीने जायचं नाही. सरोवराच्या दक्षिण भागात ४५००७ क्रमांकाचा तरंगता बोया आहे, त्याच्या लाटांच्या नोंदी इंटरनेटवर दिसतात. निघायच्या सकाळी मी त्या बघतोच. कप्तानाने हवेमुळे रद्द केलं तर बहुधा दुसरी तारीख किंवा पैसे मिळतात. तुम्ही रद्द केलं तर आगाऊ रक्कम जाऊ शकते. हे आधी लेखी घ्या. आणि कप्तान नाही म्हणाला तर कृपा करून घासाघीस करू नका, "मुलगा भारतातून आलाय" म्हणूनसुद्धा नाही.

१८. बाबा व्हीलचेअरवर आहेत. काही जमेल का?

नदीच्या मोठ्या क्रूझवर बहुधा जमतं. धक्क्याचा उतार आणि स्वच्छतागृह याबद्दल फोनवर विचारून घ्या. शिडाच्या होडीचीही सोय आहे. शिकागोच्या बर्नहॅम बंदरात 'जड गोल्डमन' (Judd Goldman) फाउंडेशन ही संस्था अपंग व्यक्तींना खास बनवलेल्या होड्यांवर शिकवतं. नुसतं बसायलाच नाही, सुकाणूही हातात देतात.

१९. डिसेंबरातच सुट्टी मिळते. तेव्हा काय?

सहलीच्या बोटी बंद असतात. उत्तरेला ग्रीन बे हा उपसागर गोठतो आणि तिथे बर्फाला भोक पाडून व्हाइटफिश धरतात, पण बर्फ धरायला साधारण जानेवारी उजाडतो. गरम केलेली छोटी खोपटं मिळतात. वाटाड्याशिवाय जाऊ नका. चालण्यासाठी निदान दहा सेंटिमीटर जाड, स्वच्छ बर्फ लागतो आणि तो सगळीकडे सारखा नसतो. परवाना हिवाळ्यातही लागतोच (प्रश्न ६).

२०. नारळी पौर्णिमेला सरोवरात नारळ सोडता येईल का?

हा प्रश्न दर ऑगस्टला येतो आणि मला तो आवडतो. नारळ, फुलं, निर्माल्य पाण्यात टाकू नका. ते कचरा टाकणं धरलं जातं. शिवाय शिकागो हेच पाणी पितं. किनाऱ्यावरून आत तीन-चार किलोमीटरवर गोल बांधकामं दिसतात, तिथून शहराचं पाणी घेतात. आम्ही दोन-तीन घरची माणसं त्या संध्याकाळी माँट्रोजच्या काठी जमतो. नारळाला हळद-कुंकू लावतो, पाण्याकडे तोंड करून हात जोडतो, ज्यांचे भाऊ-काका आता मासेमारीला दर्यात उतरणार त्यांची नावं घेतो. मग नारळ घरी आणून वाढवतो आणि त्याचाच नारळीभात करतो.